ख्रिस्तपुराण आणि कुंकळ्ळीचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा उल्लेख होतो, तो बहुधा एकाच कारणासाठी. इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, राशोल येथे, रोमन लिपीत छापल्या गेलेल्या या ग्रंथात एका इंग्रज धर्मोपदेशकाने मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुती केली आहे. ही स्तुती पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांपुढे येते, भाषेच्या अभिमानाने केलेल्या व्याख्यानांतून तिचा पुनरुच्चार होतो, आणि ग्रंथाची ओळख तेथेच संपते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातील चार-पाच ओव्या उचलाव्यात आणि बाकीचा ग्रंथ कपाटात ठेवून द्यावा, हा न्याय आपण ज्ञानेश्वरीला किंवा एकनाथी भागवताला कधी लावला नसता.

याउलट दुसरा एक पक्ष आहे. त्याच्या मते ख्रिस्तपुराण हे धर्मांतराचे एक साधन होय. ज्या सत्तेने साष्टीतील देवळे पाडली त्याच सत्तेच्या आश्रयाने ते लिहिले गेले, तेव्हा त्यातील काव्यगुणांची चर्चा करणे म्हणजे तलवारीच्या मुठीवरील नक्षीची वाखाणणी करणे होय. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु पहिला पक्ष ग्रंथातील भाषा तेवढी पाहतो आणि दुसरा ग्रंथामागील सत्ता तेवढी पाहतो. ग्रंथ ज्या प्रश्नाशी झगडतो त्या प्रश्नाकडे दोघांचेही दुर्लक्ष होते. तो प्रश्न असा : जगाचा कर्ता दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर तो निरपराधांची हत्या कशी होऊ देतो? या प्रश्नाला ख्रिस्तपुराण काय उत्तर देते, ते उत्तर शास्त्र म्हणून कितपत टिकते आणि काव्य म्हणून त्याचे मोल काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न फादर स्टीफन्स यांच्यापुढे केवळ ग्रंथांतून आलेला नव्हता. सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेले हे गृहस्थ ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरले, आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने साष्टीत काढली. ते येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, जुन्या गणनेप्रमाणे १५ जुलै आणि नव्या ग्रेगोरियन गणनेप्रमाणे २५ जुलै १५८३ या दिवशी, साष्टीच्या दक्षिण भागातील कुंकळ्ळी गावी जेझुइट संघाच्या पाच जणांची हत्या झाली. रुदोल्फ अक्वाविवा, आल्फोन्स पाशेको, पेद्रो बेर्नो आणि आंतोनियो फ्रान्सिस्को हे चार पाद्री आणि फ्रान्सिस्को आरान्या हे बंधू, असे ते पाच होत. क्रूस उभारण्यासाठी व चर्चची जागा निवडण्यासाठी ते गावात गेले होते. बरोबरच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक रोखली असता पाशेको यांनी त्याला आवरले, असे वृत्तांत सांगतात. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले होते. ते परत मिळवून राशोल येथे पुरण्यात आले. फादर स्टीफन्स यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिस येथे असलेल्या आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या हत्याकांडाची हकीकत कळविली आहे. ज्या हाताने ते पत्र लिहिले त्याच हाताने पुढे ख्रिस्तपुराण लिहिले, ही गोष्ट ग्रंथ वाचताना विसरता कामा नये.

आता हकीकतीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. सन १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने मोठ्या प्रमाणावर पाडली होती. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली, वेरोडे या गावांनी त्या सत्तेला विरोध केला, म्हणून त्यांच्यावर लष्करी स्वाऱ्या झाल्या; या स्वाऱ्यांत पाशेको व बेर्नो सैन्याबरोबर होते आणि देवस्थानांच्या विध्वंसात बेर्नो यांचा प्रत्यक्ष हात होता, हे जेझुइट लेखकांनीच नमूद करून ठेवले आहे. म्हणजे कुंकळ्ळीच्या लोकांना चर्चसाठी जागा पाहावयास आलेली मंडळी दिसली ती आदल्या स्वारीच्या पार्श्वभूमीवर. हत्येनंतर काय झाले? गावच्या गांवकरांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेण्यात आले आणि तेथे पंधरा-सोळा जणांना विश्वासघाताने ठार करण्यात आले. एकजण तेवढा नदीत उडी टाकून निसटला. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेला फातर्प्यास आश्रय घ्यावा लागला.

या घटनेतील मृतांच्या तीन याद्या होतात. पहिली यादी पाच धर्मोपदेशकांची. त्यांना १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी धन्य म्हणून घोषित केले. दुसरी यादी त्यांच्याबरोबर मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांची. त्यांत बहुतेक स्थानिक होते, दोन मुलेही होती, आणि त्यांपैकी एक तर खुद्द कुंकळ्ळीचाच होता. या लोकांचा समावेश १८९३ च्या सन्मानात झाला नाही. तिसरी यादी गांवकरांची. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहिले ते २००३ मध्ये. देव हिंसा का होऊ देतो, हा प्रश्न विचारणाऱ्याने तो कोणत्या यादीच्या वतीने विचारतो आहे हे आधी सांगितले पाहिजे. तीनही याद्या पुढे ठेवून जे उत्तर देता येत नाही, ते उत्तर एका पक्षाचे समाधान फार तर करील; त्याला देवाचा न्याय म्हणता येणार नाही.

पहिल्या यादीतील रुदोल्फ अक्वाविवा यांचा आम्ही राहतो त्या सुरतेशी एक दूरचा संबंध आहे. अकबराच्या निमंत्रणावरून जे पहिले जेझुइट मंडळ फत्तेपूर सिक्रीस गेले, त्याचे ते प्रमुख होते. १५७९ च्या अखेरीस हे मंडळ दमणमार्गे सुरतेस आले आणि येथून तापी ओलांडून पुढे गेले. मंडळातील फादर मोन्सेरात यांनी या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. परधर्मीय बादशहाच्या दरबारात, मुल्लामौलवींशी कडाक्याचा वाद घालीत, ज्यांनी तीन वर्षे निर्धास्तपणे काढली, ते अक्वाविवा १५८३ च्या मे महिन्यात गोव्यास परतले आणि दोनच महिन्यांनी आपल्याच राजाच्या मुलुखात मारले गेले.

याच सुरतेत, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांनी शहर लुटले तेव्हा कापुचिन पंथाच्या फादर आंब्रोझ यांचे निवासस्थान त्यांनी सुरक्षित ठेवले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे धर्मशास्त्राच्या नेहमीच्या उत्तरातील दुबळेपणा ध्यानात येतो. आंब्रोझ वाचले, तर ती देवाची कृपा. अक्वाविवा मारले गेले, तर तो हौतात्म्याचा मुकुट, म्हणजे तीही कृपाच. जे उत्तर वाचण्यालाही लागू पडते आणि मरण्यालाही लागू पडते, ते कधी खोटे ठरत नाही; पण त्याच कारणाने ते काही सांगतही नाही. भक्ताच्या मनाला त्याने धीर येत असेल. विचाराला मात्र त्याने पुढे पाऊल टाकता येत नाही.

फादर स्टीफन्स ज्या परंपरेत शिकले तिने या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर तयार केलेले होते. देवाची इच्छा आणि देवाची अनुज्ञा यांत ती भेद करते. देव पाप इच्छीत नाही. मनुष्याला व देवदूतांना त्याने स्वातंत्र्य दिले असल्यामुळे तो पाप घडू देतो, आणि घडलेल्या पापातूनही शुभ निर्माण करण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी आहे. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागातील छत्तीस अवस्वरांचा पाया हाच आहे. विश्वाची उत्पत्ती, गर्विष्ठ देवदूतांचे पतन, आदिमातापित्यांचा अपराध आणि त्यानंतर तारणाऱ्याची युगानुयुगे चाललेली प्रतीक्षा, अशी त्याची मांडणी आहे. ग्रंथाच्या प्रारंभी एक ब्राह्मण श्रोता, आमची जुनी पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही द्या, अशा आशयाची मागणी करतो. ही मागणी म्हणजे संहारानंतरची मागणी आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईलच. ज्याचे पुराण हिरावून घेतले गेले त्याला दुसरे पुराण देताना, वाईटाचा उगम स्वातंत्र्याच्या दुरुपयोगात आहे असे सांगणे, यात एक अवघड विसंगती आहे. कारण श्रोत्याच्या अनुभवातील ताजे वाईट त्याच्या स्वतःच्या स्वातंत्र्यातून उद्भवलेले नव्हते.

असे असूनही आपल्या देशातील वाचकाने या उत्तराची तुलना कर्मविपाकाच्या उत्तराशी करून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे दुःखाचे कारण विचारले की पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखविण्याची प्रवृत्ती सहज होते. शुभवर्तमानांत हाच विचार शिष्यांच्या तोंडी येतो : जन्मांध मनुष्य पाहून, पाप याने केले की याच्या आईबापांनी, असे ते विचारतात, आणि ख्रिस्त दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग तर आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. यज्ञ करीत असलेल्या काही गालीलकरांची पिलाताने हत्या केली, ही वार्ता लोक ख्रिस्ताला सांगतात. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते म्हणून त्यांच्यावर हे ओढवले काय, असे ख्रिस्त उलट विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. त्याला जोडून शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचाही तो उल्लेख करतो. राजसत्तेने केलेली हत्या असो की अपघात असो, मृताच्या माथी अपराध मारून हिशेब मिटविण्याची वाट येथे बंद केलेली आहे. का, याचे उत्तर मात्र दिलेले नाही. ऐकणाऱ्याने आपले आचरण सुधारावे, एवढेच सांगितले आहे. हा मौनाचा भाग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे ख्रिस्ती शास्त्रकारांनी जी लांबलचक उत्तरे रचली, त्यांपेक्षा मूळ ग्रंथ अधिक संयमी आहे.

ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागात एकोणसाठ अवस्वरांतून ख्रिस्ताचे चरित्र येते, आणि त्यात बेथलेहेमच्या बालहत्येची कथा येते. नवा राजा जन्मला या भयाने हेरोद दोन वर्षांच्या आतील सर्व मुलगे मारवितो. मत्तयच्या शुभवर्तमानात हा प्रसंग अवघ्या दोन-तीन वाक्यांत आटोपलेला आहे, पण आपला प्रश्न येथे जितका तीव्र होतो तितका तो अन्यत्र कोठेही होत नाही. देवदूत स्वप्नात येऊन योसेफाला सावध करतो आणि एक बालक मिसर देशात सुखरूप पोहोचते. इतर बापांच्या स्वप्नात कोणीही येत नाही. ज्याने एकाला कळविले त्याला सर्वांना कळविता आले नसते काय? या ठिकाणी मनुष्याच्या स्वातंत्र्याचे तत्त्व पुरे पडत नाही. कारण देवाने हस्तक्षेप केलेला आहे, पण तो एकाच घरापुरता.

मराठी श्रोत्याला ही कथा परकी वाटली नसणार. एका बालकाच्या भयाने राजाने बालके मारावीत, आणि ते एक बालक मात्र रातोरात नदीपलीकडे पोहोचते व्हावे, ही कंसाची कथा त्याच्या रक्तात मुरलेली होती. स्टीफन्स यांनी ओवी हा छंद, पुराण हा घाट आणि वैकुंठ, मोक्ष यांसारखे शब्द घेतले, तेव्हा या साम्याचा लाभ त्यांना आपोआप मिळाला. परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. देवकीची सहा मुले का मेली, याचे कारण भागवताने दिलेले आहे : ती पूर्वजन्मीची मरीचीची शापित मुले होती आणि कंसाच्या हातून मरणे हा त्यांच्या शापाचा शेवट होता. म्हणजे त्यांचा वध हा एका परीने त्यांची सुटका ठरतो. तरीही भागवतकारांचे कविमन तेवढ्यावर थांबलेले नाही. कृष्ण मोठा झाल्यावर, सर्व पराक्रम करून झाल्यावर, देवकी त्याच्याजवळ आपली मेलेली मुले परत मागते आणि कृष्ण ती सुतलातून आणून तिच्या ओटीत घालतो. शास्त्राने कारण सांगितले होते, परंतु आईला ते पुरले नाही, हे यावरून सिद्ध होते.

बेथलेहेमच्या मातांना कारणही मिळत नाही आणि मुलेही परत मिळत नाहीत. मत्तय तेथे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील राहेलीचे स्मरण करतो : ती आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन करून घ्यावयास तयार नाही. सांत्वन नाकारणाऱ्या आईला धर्मग्रंथाने आपल्या मध्यभागी जागा द्यावी आणि तिला गप्प करू नये, ही गोष्ट आमच्या मते हिंसेच्या प्रश्नावरील ख्रिस्ती विचारातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट होय. ख्रिस्ती मंडळी डिसेंबरच्या २८ व्या दिवशी या बालकांचे स्मरण करतात. त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांनी धर्म स्वीकारला नव्हता, श्रद्धा प्रकट केली नव्हती, बोलण्याचेही त्यांचे वय नव्हते. त्यांना हुतात्म्यांत गणताना चर्चने एक फार दूरगामी तत्त्व मान्य केले आहे : मारल्या गेलेल्या निरपराधाला देवाजवळ जागा मिळण्यासाठी त्याने आपल्या पक्षाचे असावे लागत नाही.

हे तत्त्व घेऊन आपण पुन्हा कुंकळ्ळीकडे वळलो, म्हणजे ख्रिस्तपुराणाच्या समीक्षेला एक नवी दिशा मिळते. ग्रंथाची कथा बायबलातील आहे. कुंकळ्ळीची हकीकत त्या कथेचा विषय नाही. परंतु कवी ज्या श्रोत्यांसाठी लिहितो आहे, त्यांच्यांत मारणाऱ्यांचे नातलग होते, मेलेल्यांचे नातलग होते, आणि एकाच घरात दोन्ही असण्याचाही संभव होता. अशा श्रोत्यांपुढे बालकांचा वध आणि मातांचा शोक ओवीत गायला जात असेल तेव्हा प्रत्येकाला आपापला मृत आठवला असेल. उपदेशकाला कोणता आठवावा असे वाटत होते, याच्याशी करुणरसाला कर्तव्य नसते. शास्त्र श्रोत्यांची आपले आणि परके अशी विभागणी करते. करुणरसाला ती विभागणी पाळता येत नाही. तो ज्याच्या अंतःकरणात उतरेल त्याचा होतो. ख्रिस्तपुराणातील सिद्धान्त एका सत्तेच्या छायेत उभे आहेत. त्यातील शोक मात्र त्या छायेबाहेर जातो. या ग्रंथाचे काव्यत्व आम्ही मानतो, ते या ठिकाणी.

क्रूसाच्या प्रसंगाविषयीही असेच म्हणता येईल. देव हिंसा का होऊ देतो, या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेचे शेवटचे उत्तर एका घटनेच्या रूपात येते : देवाने ती स्वतःवर होऊ दिली. या घटनेतही प्रश्न विरून जात नाही. मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत क्रूसावरील ख्रिस्त आपल्या देवाला, तू मला का टाकलेस, असे विचारतो आणि आकाशातून उत्तर येत नाही. ज्या धर्माने हा अनुत्तरित प्रश्न आपल्या तारकाच्याच तोंडी ठेवला, त्याच्या अनुयायाला तो प्रश्न दुसऱ्या कोणाच्या तोंडी आल्यास रागावण्याचा अधिकार राहत नाही.

मात्र येथे एक भेद करणे अवश्य आहे. देव दुःखितांबरोबर आहे, हे वाक्य दुःखिताने उच्चारले तर त्यात श्रद्धेचे तेज असते. तेच वाक्य ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने दुःखिताला ऐकविले तर त्यात क्रौर्य असते. असोळण्याच्या किल्ल्यात मारल्या गेलेल्या गांवकरांच्या विधवांना क्रूसाचे रहस्य त्या किल्ल्याच्या बाजूने सांगितले गेले, हा ख्रिस्तपुराणाच्या काळाचा दोष आहे आणि कितीही उत्तम ओवीने तो धुऊन निघत नाही. फादर स्टीफन्स यांची सहृदयता, त्यांचा भाषेचा व्यासंग, श्रोत्यांविषयीची त्यांची कळकळ हे सर्व मान्य करूनही हे म्हणावेच लागते.

हा दोष काळाचा व स्थानाचा आहे, ख्रिस्तकथेचा नव्हे, याचा पुरावा मराठी वाङ्मयातच मिळतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ख्रिस्तायन हे काव्य तीच कथा सांगते. पण येथे सांगणाऱ्याच्या पाठीशी किल्ला नाही. टिळकांनी १८९५ मध्ये धर्म बदलला तेव्हा त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली आणि लक्ष्मीबाईंनी तर न मागता मोजली. संसाराची ताटातूट, आप्तांचा रोष, समाजाचा बहिष्कार यांतून ते शब्द आलेले आहेत. त्यामुळे दुःखाविषयी टिळक-दांपत्य जे बोलते ते उपदेश न वाटता साक्ष वाटते. पंडिता रमाबाईंचे उदाहरणही असेच आहे. गेल्याच्या मागील शतकातील दुष्काळात ज्यांचे आईबाप व बहीण डोळ्यांदेखत गेली, त्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुलींना गोळा करून केडगावी नेले. देवाने हे का होऊ दिले, याचे स्पष्टीकरण देण्याच्या अधिकाराचा त्यांनी फारसा उपयोग केला नाही. दाराशी आलेल्या मुलीला आत घेणे, हे त्यांनी आपले उत्तर मानले.

आमच्या सुरतेपासून फार दूर नसलेल्या डांग जिल्ह्यात, जेथे गुजराती व मराठी या दोन्ही भाषांचे ओघ आदिवासी बोलीत मिसळतात, डिसेंबर १९९८ च्या नाताळाच्या दिवसांत ख्रिस्ती आदिवासींच्या प्रार्थनागृहांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९९ मध्ये, ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स या कुष्ठसेवकाला त्याच्या दोन लहान मुलांसह मोटारीत जाळण्यात आले. १५८३ मध्ये शस्त्र ज्या बाजूला होते तिच्या नेमक्या उलट बाजूला ते आता होते. ज्या मापाने आम्ही राशोल व असोळणे यांना मोजले त्याच मापाने डांग व मनोहरपूर यांना मोजणे भाग आहे. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी पडलेल्या देवळाचा सूड आदिवासीच्या कुडाच्या प्रार्थनागृहावर उगविता येत नाही. स्टेन्स यांच्या पत्नीने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्या क्षमेने दोन मुले का जळाली याचे कारण मिळाले नाही, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. राहेलीप्रमाणेच कारणावाचून राहूनही त्यांनी द्वेष पुढे जाऊ दिला नाही. पुन्हा तोच भेद दिसतो : हे ज्याच्यावर बेतले त्यानेच बोलावयाचे असते.

तेव्हा निष्कर्ष असा. हिंसेच्या प्रश्नाचे शास्त्र म्हणून ख्रिस्तपुराण जे उत्तर देते ते त्याच्या परंपरेतील नेहमीचे उत्तर आहे. त्यात स्टीफन्स यांची स्वतंत्र भर आहे असे आम्हांस वाटत नाही, आणि कुंकळ्ळीच्या तीन याद्यांपुढे ते अपुरे पडते. परंतु काव्य म्हणून त्याने जी सांत्वन नाकारणारी आई मराठीत आणली आणि जो विचारणारा ख्रिस्त मराठीत उभा केला, त्यांना त्या शास्त्राच्या चौकटीत कोंडता येत नाही. ती आई देवकीच्या शेजारी बसू शकते, आणि असोळण्याच्या विधवांच्याही.

या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही; जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत तो पुन्हा उपलब्ध करून दिला नसता, तर ही चर्चाच संभवली नसती. ग्रंथ आता वाचावयास मिळतो. आमच्या शिक्षक-बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की भाषास्तुतीच्या ओव्यांबरोबर बेथलेहेमचा प्रसंगही वर्गात वाचावा, आणि तो वाचताना कुंकळ्ळीची हकीकत दोन्ही बाजूंनी सांगावी. वर्गात देवळात जाणारी, चर्चमध्ये जाणारी आणि मशिदीत जाणारी मुले एकाच बाकावर बसतात. त्यांतील कोणी, देवाने हे का होऊ दिले, असे विचारले तर घाईने उत्तर देऊ नये. त्या दिवशी मेलेल्यांत त्या मुलाच्याच वयाची दोन मुले होती आणि त्यांचे स्मरण कोणत्याही पक्षाने फारसे ठेवले नाही, एवढे मात्र त्याला अवश्य सांगावे.